बोळातला भाडेकरू

शनीच्या कड्यांमध्ये एक बोळ आहे आणि त्या बोळात कुणीतरी राहतं, असं बाईंनी अकरा वर्षांपूर्वी छापून टाकलं आणि त्यांच्यामागे साडेसाती लागली. खरी साडेसाती निदान साडेसात वर्षांनी आपलं चंबूगबाळं आवरते. बाईंची हलायचं नाव घेत नव्हती.

"कोण राहतं म्हणे?" लोक विचारायचे.

"एक छोटा चंद्र. सातेक किलोमीटरचा."

"पाहिलाय?"

"नाही."

इथं विचारणारा हसू दाबायचा आणि चहाचा कप तोंडाला लावायचा. अकरा वर्षांत बाईंनी इतके कप तोंडाला लागताना पाहिले होते, की कोण किती हसतंय हे त्यांना कपाच्या उंचीवरून कळायचं.

शनीची कडी चित्रात दिसतात तशी अखंड थाळी नसते. तो बर्फाचा चुरा आहे. साखरेच्या दाण्यापासून घराएवढ्या ढेकळापर्यंत अब्जावधी तुकडे आपापल्या रांगेत ग्रहाभोवती पळत असतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर पसारा आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर. म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. या रांगांमध्ये मधूनच मोकळी जागा सुटलेली असते. शास्त्राच्या कागदांत तिला पोकळी म्हणतात. बाई बोळ म्हणायच्या, म्हणून त्यांची सगळी खगोलसंस्था त्यांना बोळवाल्या बाई म्हणायची.

बाईंचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या बोळाच्या एका कडेला बारीक बारीक लाटा उठलेल्या दिसत. आतून कुणीतरी जड अंगाचं सारखं ये-जा केल्याशिवाय अशा लाटा उठत नाहीत. पायऱ्या झिजलेल्या आहेत, पायपुसणं रोज वाकडं होतंय, मग घर रिकामं आहे असं कसं म्हणायचं? लाटांच्या मापावरून त्यांनी राहणाऱ्याचं माप काढलं आणि त्याला भाडेकरू म्हणायला लागल्या. शास्त्रज्ञांच्या सूचीत भाडेकरूची नोंद झाली, पण पुढे प्रश्नचिन्ह घालून. त्या प्रश्नचिन्हाकडे बघत बाईंची पन्नाशी आली आणि गेली.

भाडेकरू नाहीच, असं म्हणणारे लाटवाले सर दुसऱ्या संस्थेत होते. त्यांच्या मते लांबच्या एका मोठ्या चंद्राची ओढ ठरावीक तालात बसते, झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तशी, आणि तेवढ्यानंच बोळही मोकळा होतो आणि लाटाही उठतात. सरांना कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लाट हेच सुचायचं. कपातला चहा बशीत सांडला तरी ते आधी लाट मोजतील आणि मग पुसतील, असं बाईंचं मत होतं. माणूस खडूस असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पण सर अत्यंत सभ्य होते, आणि सभ्य माणसाशी भांडायचं म्हणजे उशीवर बुक्के मारायचे.

त्यांचं पत्र सोमवारी आलं. शुक्रवारी कड्यांवर काम करणाऱ्यांची वार्षिक सभा होती, या वेळी बाईंच्याच संस्थेत. सूचीतल्या शंकास्पद नोंदींवर त्या दिवशी हात वर करून मतदान व्हायचं होतं. "आपण नोंद स्वतःहून मागे घेतलीत, तर मतदानाचा प्रसंग टळेल. आपल्याविषयी आम्हा सर्वांना अतिशय आदर आहे," असं सरांनी लिहिलं होतं. महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. नवे फोटो येण्याची आशाही नव्हती, कारण कड्यांचे फोटो काढणारं यान इंधन संपल्यावर सहा वर्षांपूर्वी शनीतच बुडवलं होतं. म्हणजे शुक्रवारी भाडेकरूला बाहेर काढला की तो कायमचा बेघर, आणि अकरा वर्षं बोळात भूत दिसणारी बाई म्हणून बाईंची कीर्ती दिगंत. आदर होताच.

बाईंच्या नावावर दुसरीही एक गोष्ट होती, आणि तिच्याबद्दल मात्र कुणी हसत नव्हतं. तिचं नाव केरसुणी.

यान एकोणीस वर्षांपूर्वी शनीपाशी पोचलं, तेव्हा त्याचे पहिले फोटो पाहून सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. अवकाशातून सुसाट येणारे कण कॅमेऱ्यावर आपटत आणि प्रत्येक फोटोवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडे. एकेका फोटोत चार-चार हजार डाग. बाईंनी आठवड्याभरात एक प्रोग्राम लिहिला. तो फोटोतला प्रत्येक ठिपका शेजारच्या आठ ठिपक्यांशी ताडून बघे, आणि एखादा एकटाच चमकत असेल तर त्याला पुसून टाके. फोटो धुतल्या तांदळासारखे निघू लागले. जगभरच्या संस्थांनी केरसुणी घेतली. कच्चे फोटो तळघरातल्या टेपांवर गेले आणि त्यांच्याकडे पुन्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. धुतलेले समोर असताना मळकट कोण काढतं?

केरसुणीच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती: "आत्यांना, ज्यांनी मला डाग ओळखायला शिकवलं." ते पान आत्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं.

आत्या म्हणजे बाईंच्या नवऱ्याची आत्या. वय चौऱ्याऐंशी, नजर घारीची, जीभ वस्तऱ्याची. नवरा जहाजावर इंजिनिअर. वर्षातले चार महिने घरी, त्यातले दोन झोपेत. त्यामुळे घर या दोघींचंच होतं. आत्यांनी एक्केचाळीस वर्षं फोटो स्टुडिओत डाग काढले होते. पांढरा डाग तीन केसांच्या ब्रशनं रंग लावून बुजवायचा, काळा डाग पात्याच्या टोकानं खरवडायचा. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुलींची मुरमांपायी अडलेली लग्नं माझ्या हातानं जुळली, असं त्या सांगत.

एकोणीस वर्षांपूर्वी, कच्च्या फोटोंनी जेरीस आलेल्या बाई जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसल्या असताना, आत्यांनीच त्यांना आपला नियम सांगितला होता. नियम दोन ओळींचा होता. शेजाऱ्यांशी न जुळणारा ठिपका म्हणजे डाग, तो काढायचा. पण काढण्याआधी त्याच बैठकीतली दुसरी निगेटिव्ह बघायची. धूळ एकाच निगेटिव्हवर बसते. ठिपका दोन्हींवर असेल तर तो तीळ, आणि तीळ पुसायचा नाही.

दुसऱ्या ओळीला जोडून एक गोष्टही होती, आणि ती आत्या सालाबादप्रमाणे सांगत. "आमच्या दुकानात एक शहाणा होता. त्यानं एका मुलाच्या हनुवटीवरचा तीळ डाग समजून खरवडला. मुलगा खाणीत कामाला गेला तो गेलाच. त्याची आई फोटो मोठा करून न्यायला आली. एकच फोटो होता तिच्याकडे. निगेटिव्ह कधीच रद्दीत गेलेली. फोटो बघून म्हणाली, हा माझा नाही." एवढं सांगून आत्या उठायच्या आणि भांडी आवाज करत लावायच्या.

आता पुढची गोष्ट बाईंनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. केरसुणीत त्यांनी पहिली ओळ लिहिली आणि दुसरी गाळली. दोन दोन फोटो ताडून बघायचे तर संगणकाला दुप्पट वेळ लागत होता, आणि सोमवारच्या आत काम हवं होतं. शिवाय आकाशाला कुठं तीळ असतो, असं तेव्हा त्यांना वाटलं. पुढे सगळं इतकं झकास चाललं की गाळलेली ओळ त्या विसरूनही गेल्या.

बुधवारी सकाळी बाई ऑफिसला निघायच्या गडबडीत होत्या. आत्यांनी बाहेरच्या खोलीतली फ्रेम भिंतीवरून काढून टेबलावर पालथी घातली होती.

"हे काय काढलंत सकाळी सकाळी?"

"काचेच्या आत झुरळ शिरलंय. तुझ्या शनीवर फिरतंय. बघवत नाही मला."

फ्रेममध्ये कड्यांचा फोटो होता. यान पोचलं त्या आठवड्यात बाईंनी संस्थेतून छापून आणलेला, केरसुणीच्या जन्माआधीचा, डागांनी भरलेला. आत्यांनी मागचे खिळे उपटले, झुरळाला सद्गती दिली आणि फोटो बाहेर काढला. त्याच्यामागे पुठ्ठ्याऐवजी आणखी एक फोटो घातलेला होता. तेव्हा बाईंनी दोन आणले होते आणि भिंतीला एकच पुरला होता.

आत्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, खिशातलं जुनं भिंग डोळ्याला लावलं आणि सवयीनं वाकल्या. बाई चपला घालत होत्या.

"सूनबाई, ह्याला तीळ आहे गं."

"डाग आहेत ते, आत्या. तेव्हा सगळ्याच फोटोंवर असायचे."

"डाग मला शिकवतेस? डाग हे इकडचे तिकडचे, एकात आहेत ते दुसऱ्यात नाहीत. हा बघ, हा दोन्हीकडे आहे."

"एकाच जागी असेल तर कॅमेऱ्याचा दोष असतो."

"एकाच जागी कुठे? इथं डावीकडे आहे, तिथं उजवीकडे. पण बसलाय त्याच काळ्या पट्टीत. जागा बदलली, पट्टी नाही सोडली. धूळ इतकी शिस्तीची नसते."

बाई एका पायात चप्पल घालून टेबलापाशी आल्या. काळी पट्टी म्हणजे त्यांचा बोळ. फोटोंच्या तळाला वेळ छापलेली होती. दोघांत दहा मिनिटांचं अंतर. शेजारी माप छापलेलं होतं, एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे किलोमीटर. आणि बोळातून जाणारी कुठलीही वस्तू सेकंदाला सतरा किलोमीटर पळते, हे बाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दहा मिनिटांत दहा हजार दोनशे किलोमीटर. म्हणजे वीस सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर.

"आत्या, तुमची शिवणाची टेप कुठाय?"

टेप शिवणयंत्राच्या खणात होती. एका फोटोत कडेपासून ठिपक्यापर्यंत मोजलं, दुसऱ्यात मोजलं, वजाबाकी केली. वीस सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर. बाईंनी पुन्हा मोजलं. मग आत्यांना मोजायला लावलं, कारण स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

"वीस, आणि चार बारक्या रेघा," आत्या म्हणाल्या. "का गं? अशी पांढरी का पडलीस?"

"काही नाही. उशीर होतोय," असं म्हणून बाई निघाल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या पायात घरातली सपात आहे.

ऑफिसात त्यांनी दार लावून घेतलं. तळघरातल्या टेपा काढायला महिना लागला असता. पण केरसुणीची एक सवय बाईंना आठवली. पुसलेल्या प्रत्येक ठिपक्याची ती नोंद ठेवायची, कुठल्या फोटोत, किती वाजता, कुठल्या जागी. केराची यादी. ही सोय त्यांनीच ठेवली होती आणि एकोणीस वर्षांत ती यादी उघडून पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनाच काय, कुणालाच आठवलं नसतं. आपण काय फेकलं हे बघायला कचऱ्याच्या डब्यात कोण डोकावतं?

यादी चाळीस कोटी ओळींची निघाली. बाईंनी तिच्यातून फक्त बोळातले ठिपके वेगळे काढले. अकराशे बारा आले. वेळ आडवी, जागा उभी, असा तक्ता मांडला. आठशे ठिपके वाटेल तिथं विखुरले. तो खरोखरच केर होता. उरलेले तीनशे बारा ठिपके एका सरळ रेषेत उभे राहिले, शाळेतल्या प्रार्थनेला मुलं उभी राहावीत तसे.

भाडेकरू होता. पहिल्या दिवसापासून होता. काळ्याभोर बोळात एकटाच चमकत होता, आणि एकटं चमकणं हाच तर केरसुणीच्या लेखी गुन्हा होता. मोठे चंद्र दोन-चार ठिपके व्यापायचे म्हणून वाचले. हा बापडा एका ठिपक्याएवढा. तीनशे बारा वेळा तो दारात येऊन उभा राहिला आणि तीनशे बारा वेळा बाईंनी त्याला झाडून काढला. मग झाडून घेतलेल्या खोलीत त्या अकरा वर्षं त्याला शोधत बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. बाईंनी तर कळसा आधी फोडला होता.

त्यांना आधी हसू आलं. मग दहा मिनिटं त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. आनंद किती आणि लाज किती, हे त्यांना वेगळं करता आलं नाही.

गुरुवारी त्या संचालकांकडे गेल्या. संचालक गोलमटोल, हसतमुख आणि कुठल्याही बाजूला तितकेच झुकलेले असत. तक्ता पाहून त्यांनी टेबलावर थाप मारली.

"अहो, कमाल केलीत. जाता जाता षटकार."

"पण केरसुणीचं काय?"

"केरसुणीचं काय?"

बाईंनी काय ते सांगितलं. संचालकांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. केरसुणी या संस्थेची होती. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी केरसुणीची पाटी दाखवत आणि मग चहा विचारत.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "भाडेकरू सापडला ना? मग सुधारित पद्धतीनं सापडला म्हणा. खोटं आहे का? नाही. केरसुणीची नवी आवृत्ती काढू, गुपचूप बदलून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकोणीस वर्षांत तिच्यावर सहाशे लेख उभे राहिलेत. तुम्ही उद्या उभं राहून सांगणार की पायाच कच्चा आहे? निवृत्तीचा समारंभ आहे हो तुमचा पुढच्या आठवड्यात."

बाईंना राग यायला हवा होता. आला नाही. उलट हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांनी भाषणाच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "सुधारित पद्धतीने शोध." घरी आत्यांना एवढंच सांगितलं की भाडेकरू सापडला, तुमच्या तिळामुळे सापडला. आत्यांनी कपाट उघडून बाहेर जायची साडी काढली.

"मी येणार उद्या."

"कंटाळाल, आत्या. सगळं शास्त्राचं बोलणं असतं."

"एक्केचाळीस वर्षं लोकांची थोबाडं बघितलीत मी. शास्त्रज्ञांची काय निराळी असतात?"

शुक्रवारी सभागृहात दोनशे माणसं होती. आत्या पहिल्या रांगेत, मांडीवर लॅमिनेट केलेलं पान, हातात भिंग. लाटवाले सर त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी आत्यांना वाकून नमस्कार केला, पंख्याखालची खुर्ची दिली, आणि पानावरची ओळ वाचून म्हणाले, "म्हणजे त्या आत्या तुम्ही? आम्ही सगळेच तुमचे ऋणी आहोत. बोळ रिकामा आहे हे मी तुमच्या केरसुणीमुळेच तर ठामपणे सांगू शकलो." आत्यांनी मान ताठ केली. बाई पायऱ्या चढत होत्या, त्यांना हे सगळं स्वच्छ ऐकू आलं.

त्यांनी तक्ता दाखवला. तीनशे बारा ठिपके, एक रेष. सभागृहात कुजबुज झाली आणि मग टाळ्या सुरू झाल्या. कप तोंडाला लावणाऱ्यांनीही वाजवल्या. लाटवाले सर तर उभे राहून वाजवत होते. आता पुढची स्लाइड लावायची, दोन शब्द सुधारित पद्धतीबद्दल बोलायचं, आणि खाली उतरायचं. इतकं सोपं होतं.

बाईंनी स्लाइड लावली. "सुधारित पद्धतीने शोध," अशी अक्षरं समोर आली. त्यांनी ती वाचली. खाली सहाशे लेख लिहिणारी माणसं बसली होती, आणि त्यांच्या बोळांत कोण कोण राहत होतं ते त्यांना आता कधीच कळणार नव्हतं, कारण केरात बघा असं त्यांना कुणी सांगणारच नव्हतं.

"पद्धत वगैरे काही सुधारलेली नाही," बाई म्हणाल्या. "हे ठिपके मी केराच्या यादीतून काढलेत. भाडेकरू पहिल्या दिवसापासून घरात होता. माझी केरसुणी त्याला रोज बाहेर काढत होती."

टाळ्या थांबल्या. संचालकांनी छताकडे पाहिलं.

"केरसुणी एका नियमावर चालते. तो मला या समोर बसल्यात त्यांनी शिकवला. नियम दोन ओळींचा होता. मी घाईत एकच लिहिली. ठिपका पुसण्याआधी दुसरा फोटो बघायचा, ही ओळ मी गाळली. पुस्तिकेत मात्र त्यांचं नाव घातलं, म्हणजे लोकांना वाटावं की नियम त्यांचाच आहे. त्यांचा नियम बरोबर होता. चूक माझी आहे. एकोणीस वर्षांची आहे, आणि तुमच्या सगळ्यांच्या फोटोंत आहे. आपापल्या केराच्या याद्या उघडून बघा, एवढीच विनंती."

मग मागच्या रांगेत एक लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा. पाच मिनिटांत सभागृहातली निम्मी माणसं खाली माना घालून आपापला कचरा उपसत होती. मतदानाची आठवण कुणाला राहिली नाही. पाऊण तासानं लाटवाले सर उठले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण सभ्यता जागेवर होती.

"बाई, माझ्या त्या दुसऱ्या पोकळीत," त्यांनी घसा साफ केला, "जिथे लाटेशिवाय काही नाही असं मी तीन लेखांत लिहिलंय. तिथे एकशे चाळीस ठिपके एका रेषेत आहेत. माझाही एक भाडेकरू दिसतोय."

"अभिनंदन," बाई म्हणाल्या.

"धन्यवाद," सर म्हणाले आणि मटकन खाली बसले.

परतीच्या टॅक्सीत आत्या गप्प होत्या. बाईंना वस्तऱ्याची सवय होती, गप्प बसण्याची नव्हती. शेवटी त्याच म्हणाल्या, "आत्या, बोला काहीतरी. अर्धा नियम लिहून तुमचं नाव लावलं मी."

"ते ऐकलं मी. कान शाबूत आहेत."

"रागावलात?"

आत्यांनी मांडीवरचं पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"आमच्या दुकानात शहाणा बिहाणा कुणी नव्हता," त्या म्हणाल्या. "डाग काढायला मी एकटीच होते."

बाईंना क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं.

"त्या बाईनं फोटो बघितला. म्हणाली, हा माझा नाही, माझ्याच्या हनुवटीवर तीळ होता. मी म्हणाले, प्रकाश तसा पडला असेल. ती म्हणाली, असेल. फोटो पिशवीत घातला आणि गेली. चार पावलांवर होती. मी हाक नाही मारली." आत्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "तू दोनशे माणसांपुढे बोललीस. मला एका बाईपुढे तोंड उघडता आलं नाही."

बाईंनी त्यांचा हात धरला. आत्यांनी धरू दिला, पण घर येईपर्यंतच.

घरात शिरल्यावर आत्यांनी साडीही बदलली नाही. दोन्ही फोटो टेबलावर घेतले, कपाटातून एक जुनी मोठी फ्रेम काढली, आणि दोन्ही शेजारी शेजारी मावतात का ते टेप लावून पाहिलं. मावत होते.

"काच पुसून दे," त्या म्हणाल्या. "फोटोला हात लावू नकोस. तुझा भरवसा नाही."

बाई काच पुसायला बसल्या.